सामाईक मनःप्रतिमाने आणि ग्राहकसमूहाचा निर्णय : मीरा-भाईंदरमधील इमारत-पुनर्विकासाच्या संदर्भात

१

ग्राहक म्हणजे बाजारात एकटा उभा असलेला, स्वतःची गरज ओळखणारा आणि स्वतःच्या पैशाने वस्तू निवडणारा मनुष्य, अशी कल्पना अर्थशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथांमुळे आपल्या अंगवळणी पडलेली आहे. व्यवहारात मात्र मोठ्या खरेदीचे निर्णय क्वचितच एकट्याने घेतले जातात. लग्नाचा बस्ता सारे कुटुंब मिळून बांधते. सामाईक विहिरीवर कोणता पंप बसवावयाचा हे भाऊबंद एकत्र बसून ठरवितात. आणि शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना तर एकत्र निर्णय घेण्यावाचून गत्यंतरच नसते. अशा प्रसंगी निर्णय घेणारे मन एक नसून अनेक असते. तेव्हा ही अनेक मने एका निर्णयाप्रत कशी येतात, हा प्रश्न मानसशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या जितका कक्षेतील आहे तितकाच भाषाशास्त्राच्याही कक्षेतील आहे. कारण एका मनातील कल्पना दुसऱ्या मनापर्यंत पोहोचते ती मुख्यतः शब्दांच्या द्वारे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मीरा-भाईंदर शहरातील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने करावयाचा आहे. समूहातील सर्वजण एकच शब्द वापरतात, यावरून त्या सर्वांची समजूत एकच आहे असे अनुमान आपण नकळत काढतो. हे अनुमान पुष्कळदा चुकीचे असते. आणि त्या चुकीचे मोल ज्यांना द्यावे लागते त्यांच्यापाशी बहुधा राहत्या घराखेरीज दुसरी मालमत्ता नसते.

२

प्रथम परिभाषेचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. १९४३ साली केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी ‘द नेचर ऑफ एक्सप्लनेशन’ या लहानशा ग्रंथात असा विचार मांडला की, मन हे बाह्य जगाची एक लघुप्रतिकृती आपल्यापाशी बाळगते आणि प्रत्यक्ष कृती करण्यापूर्वी त्या प्रतिकृतीवर परिणाम अजमावून पाहते. फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांनी १९८३ च्या ‘मेंटल मॉडेल्स’ या ग्रंथात हाच विचार भाषेच्या आकलनाला लावला. त्यांच्या मते वाक्य समजणे म्हणजे त्या वाक्याने वर्णिलेल्या परिस्थितीची मनात रचना करणे होय. ‘पेला टेबलाच्या कडेला आहे’ हे वाक्य ऐकताच पेला पडेल अशी भीती वाटते. वाक्यात ती भीती नाही, ऐकणाऱ्याने रचलेल्या प्रतिमानात ती आहे. या रचनेला आपण ‘मनःप्रतिमान’ म्हणू.

पुढे जॅनिस कॅनन-बॉवर्स, एदुआर्दो सालास आदी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात ‘सामाईक मनःप्रतिमान’ ही संकल्पना पुढे आणली. त्यांच्यासमोर युद्धनौकेवरील किंवा विमानातील चमू होता. संकटाच्या क्षणी बोलावयास वेळ नसताही असे चमू एकमेकांच्या कृतीचा अंदाज घेऊन सुसंगत वागतात. याचे कारण काम, साधने आणि सहकारी यांविषयी सर्वांच्या मनात जवळजवळ एकसारखे चित्र असते, असे त्यांचे म्हणणे.

या विवेचनातून निघालेला एक भेद आपणांस फार उपयोगी पडणारा आहे. सामाईक प्रतिमानाची परीक्षा दोन अंगांनी करावी लागते : एक साम्य आणि दुसरे यथार्थता. सर्वांचे चित्र एकसारखे असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. पाच वाटसरू एकाच चुकीच्या नकाशावर विसंबून निघाले, तर त्यांच्यात वाद होणार नाही एवढेच. मुक्काम मात्र सापडणार नाही.

तथापि नौकेवरचा चमू आणि ग्राहकांचा समूह यांत मोठे अंतर आहे. चमूला प्रशिक्षण असते, प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असते, उद्दिष्ट एक असते आणि तोच प्रसंग सरावात अनेक वेळा घडून गेलेला असतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांपाशी यांपैकी काहीही नसते. इमारत पाडून नवी बांधण्याचा निर्णय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घेतो, आणि तोही ज्यांची निवड त्याने केलेली नाही अशा शेजाऱ्यांच्या संगतीने.

३

मीरा-भाईंदरची निवड करण्यास कारण आहे. दहिसरच्या उत्तरेस आणि वसईच्या खाडीच्या दक्षिणेस असलेला हा भाग एके काळी मिठागरे, भातशेती आणि उत्तनसारखी कोळीवाड्याची गावे यांचा होता. १९८५ मध्ये येथील काही ग्रामपंचायती एकत्र करून नगर परिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे एका दशकात वस्ती जवळजवळ तिप्पट झाली. मुंबईत घर घेणे ज्यांना परवडेना अशी मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदीभाषक, कोकणी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या आधाराने येथे आली आणि एकाच जिन्यावर शेजारी झाली.

त्या काळात घाईने उभ्या राहिलेल्या इमारती आज ३० वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेल्या आहेत. ३० वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन महानगरपालिका अधिनियमाने घातलेले आहे. खाऱ्या हवेने लोखंड गंजते, स्लॅबचे पोपडे सुटतात, आणि मग सभेच्या विषयपत्रिकेवर ‘पुनर्विकास’ हा शब्द येतो.

घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. तेव्हा राहते घर विकासकाच्या हाती सोपवून नवे घर घेणारे सभासद हे एका विलक्षण अर्थाने ग्राहकच आहेत : ते एकाच वेळी विक्रेतेही आहेत, खरेदीदारही आहेत, आणि तिसऱ्या बाजूने एकमेकांचे मतदारही आहेत.

या मतदानाचे नियम सरकारने ठरवून दिले आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निघालेल्या आदेशात तीन चतुर्थांश सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांपैकी तीन चतुर्थांशांची अनुकूलता अपेक्षित होती. ४ जुलै २०१९ च्या सुधारित आदेशाने दोन तृतीयांश उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती ही मर्यादा घातली. १०० सभासदांच्या संस्थेत पहिल्या नियमाने ७५ जणांनी यावे व ५७ जणांनी होकार द्यावा लागे. दुसऱ्या नियमाने ६७ जणांनी यावे व ५१ जणांनी होकार द्यावा एवढे पुरते. सभेचे चित्रमुद्रणही करावे लागते. हे सर्व नियम योग्यच आहेत. परंतु त्यांनी मोजले जातात ते हात आणि सह्या. होकार देणाऱ्या ५१ जणांच्या मनात एकच घर उभे आहे की ५१ निरनिराळी घरे, हे कोणत्याही नियमाने मोजले जात नाही.

४

आता शब्दांकडे वळू. पुनर्विकासाच्या सभेत सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द ‘कार्पेट’ हा होय. शासकीय मराठीत त्याला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. शब्द मोठा सुबोध आहे. ज्या जमिनीवर चटई अंथरता येते ते क्षेत्र, असा त्याचा बोध कोणालाही होतो. भिंतीवर चटई अंथरता येत नाही, म्हणून भिंतींची जागा त्यात धरावयाची नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील व्याख्याही भिंतींनी व्यापलेली जागा वगळणारीच होती.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने मात्र ही व्याख्या बदलली. त्या अधिनियमानुसार बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे उभे मार्ग, स्वतंत्र बाल्कनी व खुली गच्ची ही चटई क्षेत्रात धरावयाची नाहीत. परंतु सदनिकेच्या आतील विभाजक भिंतींची जागा मात्र धरावयाची आहे. म्हणजे शब्द तोच राहिला, त्यातील चित्रही तेच राहिले, परंतु त्याखालची जमीन सरकली.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ लागतो तो यौगिक. अवयवांशी संबंध न राहता केवळ संकेताने जो अर्थ देतो तो रूढ. आणि अवयवार्थ कायम असूनही संकेताने जो मर्यादित होतो तो योगरूढ. चिखलात पुष्कळ काही उगवते, परंतु ‘पंकज’ म्हणजे कमळच. ‘चटई क्षेत्र’ हा कायद्याच्या दृष्टीने योगरूढ शब्द आहे. त्याचा अर्थ अधिनियमाच्या कलमात पाहावयाचा. सभासद मात्र तो यौगिक समजून चालतो व अर्थ आपल्या दिवाणखान्यात पाहतो.

दुसरा शब्द ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण अनुज्ञेय बांधकामाचे जे प्रमाण, त्यास हे नाव मिळाले आहे. या बांधकामात भिंतीही येतात. त्याचा चटईशी काहीही संबंध नाही. अवयवार्थाने पाहता हा शब्द दिशाभूल करणाराच आहे, म्हणून तो निव्वळ रूढ मानला पाहिजे. ‘निर्देशांक वाढला’ असे ऐकताच आपले चटई क्षेत्र त्याच प्रमाणात वाढेल असे सभासदाला वाटले, तर त्यात त्याच्या अज्ञानापेक्षा शब्दाच्या घडणीचाच दोष अधिक.

याउलट ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द घ्या. बांधकाम करणाऱ्याने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर सक्षम अधिकाऱ्याकडून ती करून घेण्याची जी सोय २००८ च्या सुधारणेने झाली, तिचे हे नाव. हा शब्द दुर्बोध असल्याची टीका नेहमी होते आणि ती खरीही आहे. लोक त्याऐवजी ‘डीम्ड’ एवढेच म्हणतात. परंतु समूहनिर्णयाच्या दृष्टीने या दुर्बोधतेचा एक फायदा आहे. हा शब्द ऐकून कोणालाही आपणांस तो समजला असे वाटत नाही, आणि म्हणून तो विचारतो. ‘चटई क्षेत्र’ ऐकून कोणी विचारीत नाही. दुर्बोध शब्द प्रश्न निर्माण करतो, सुबोध शब्द प्रश्न मिटवितो. यास्तव सामाईक प्रतिमानाच्या बाबतीत अधिक धोका सुबोध शब्दांचा असतो, हे परिभाषा घडविणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

५

या भेदाचा व्यवहारातील परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका कुटुंबाच्या करारनाम्यात जुन्या व्याख्येने ३६० चौरस फूट चटई क्षेत्र नोंदलेले आहे. त्याला लागून ४० चौरस फुटांची बाल्कनी होती. ती बंदिस्त करून वीस वर्षांपासून तेथे स्वयंपाकाचा ओटा आहे. कुटुंबाच्या मनातील घर ४०० फुटांचे आहे. विकासकाचा प्रस्ताव आला : ‘सध्याच्या कार्पेटवर ३० टक्के अधिक.’ कुटुंबाने मनात हिशेब केला, ४०० वर ३० टक्के म्हणजे ५२० फूट. विकासकाने कागदावर केला, ३६० वर ३० टक्के म्हणजे ४६८ फूट. हे ४६८ फूट नव्या व्याख्येचे, म्हणजे आतल्या भिंतींसह. त्या भिंतींना १८ फूट गेले असे धरल्यास प्रत्यक्ष वापरण्याजोगी जागा ४५० फूट राहते. नव्या घराला निराळी बाल्कनी नाही असे मानू. तेव्हा ४०० फुटांतून ४५० फुटांत गेलेल्या या कुटुंबाची वाढ साडेबारा टक्के झाली. कोणीही खोटे बोललेले नाही. ‘३० टक्के’ हा आकडा सर्वांनी ऐकला, सर्वांनी मान्य केला; फक्त तो कशावर काढावयाचा आणि कशात मोजावयाचा याचे प्रतिमान दोन्हीकडे निराळे होते. त्यात अधिकृत कागदांवर चौरस मीटर आणि बोलण्यात नुसते ‘फूट’ अशी आणखी एक गुंतागुंत असते. ३६० चौरस फूट म्हणजे सुमारे ३३.४५ चौरस मीटर. हा आकडा पाहून आपले घर ओळखणारा सभासद विरळा.

शब्दाच्या अर्थाखाली आणखी एक थर असतो, तो म्हणजे मुळात ‘घर’ कशास म्हणावयाचे याचा. सभासदांच्या बोलण्यात स्थूलमानाने तीन प्रतिमाने आढळतात. काहींना घर हा निवारा असतो. त्यांचे प्रश्न असतात : दोन-तीन वर्षे राहावयाचे कुठे, भाडे महिन्याच्या महिन्याला मिळेल का, मध्येच काम थांबले तर काय? काहींना घर ही मालमत्ता असते. त्यांचे लक्ष वाढीव क्षेत्र, बाजारभाव आणि पार्किंग यांकडे लागलेले असते. आणि काहींना, विशेषतः वृद्धांना, घर म्हणजे शेजार असतो : समोरच्या दाराची कडी वाजवली की माणूस येतो, खालच्या दुकानदाराला नाव ठाऊक आहे, देऊळ किंवा चर्च किंवा मशीद पायी जाण्याजोगी आहे. बाविसाव्या मजल्यावरचे मोठे घर हा पहिल्यास कालावधीचा, दुसऱ्यास लाभाचा आणि तिसऱ्यास एकाकीपणाचा प्रश्न वाटतो.

ही तीन माणसे एकाच सभेत भांडतात तेव्हा ती एकमेकांना हटवादी समजतात. वस्तुतः त्यांच्यात मतभेद आहेत असे म्हणण्यापेक्षा ती निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत असे म्हणणे अधिक योग्य होईल. एकाच्या प्रतिमानात जी गोष्ट मध्यभागी आहे ती दुसऱ्याच्या प्रतिमानात मुळी दिसतच नाही.

६

प्रतिमाने सामाईक होतात तरी कशी? सामान्य उत्तर असे की माहिती सर्वांना दिली म्हणजे होतात. नोटीस फलकावर लावली, कागदपत्रांच्या प्रती वाटल्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकल्या, की समितीला आपले कर्तव्य झाले असे वाटते. भाषाशास्त्रातील प्रयोग मात्र निराळे सांगतात.

१९८६ साली हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींपुढे चिनी टँग्रॅमच्या विचित्र आकृत्या ठेवल्या होत्या. एकीने वर्णन करावयाचे आणि दुसरीने त्या क्रमाने आकृत्या लावावयाच्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीसाठी लांबलचक वर्णने करावी लागली. सहाव्या फेरीपर्यंत थोडेच शब्द पुरू लागले. हे आटोपशीर शब्द कोणी आधी ठरविले नव्हते. विचारणे, दुरुस्त करणे, होकार भरणे या देवघेवीतून ते दोघांच्या मालकीचे झाले. पुढे १९८९ मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी या प्रयोगात तिसरी व्यक्ती आणली. तिने संभाषणाचा प्रत्येक शब्द पहिल्यापासून ऐकला, फक्त तिला मध्ये बोलता येत नव्हते. संभाषणात भाग घेणाऱ्याच्या तुलनेत या नुसत्या ऐकणाऱ्याच्या आकृत्या अधिक चुकल्या.

हा निष्कर्ष गृहनिर्माण संस्थेच्या संदर्भात अत्यंत मोलाचा आहे. व्यवस्थापक समितीचे पाच-सात सभासद वर्ष-दोन वर्षे विकासकाशी, वास्तुविशारदाशी, वकिलाशी बोलत असतात. त्यांच्यात संक्षिप्त भाषा तयार होते : ‘कॉर्पस’, ‘बँक गॅरंटी’, ‘पीएएए’, ‘टीडीआर’. त्यांना एका शब्दात सारे आठवते. मग विशेष सर्वसाधारण सभा भरते आणि उरलेल्या ९० जणांना तेच शब्द ऐकविले जातात. हे ९० जण संभाषणातील भागीदार नसून नुसते ऐकणारे असतात. एकही शब्द त्यांच्यापासून लपविलेला नसतो, तरीही प्रतिमान त्यांच्यापाशी पोहोचलेले नसते. पुढे तंटा झाला म्हणजे समिती म्हणते, ‘आम्ही सर्व सांगितले होते’. सभासद म्हणतात, ‘आम्हांला काही सांगितले नाही’. दोघेही खरे बोलत असतात.

भाषाभेदाने हा दुरावा आणखी वाढतो. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी मसुदा इंग्रजीत, नोटीस मराठीत आणि सभेतील बोलणे मराठी, हिंदी व गुजराती यांच्या मिश्रणात असा प्रकार सहज घडू शकतो. ज्या भाषेत करार आहे तिच्यात प्रश्न विचारण्याचा धीर होत नाही, आणि ज्या भाषेत प्रश्न विचारता येतो तिच्यात करार नाही. पुष्कळ घरांत सही पतीची असते आणि घराचा खरा वापर ठाऊक असतो पत्नीला. ओटा कुठे, उजेड कुठून, आजारी सासूबाईंना स्नानगृहापर्यंत किती पावले, हे ज्ञान बहुधा सभेपर्यंत येतच नाही.

७

येथे कोणी म्हणेल की, समूह मोठा असला म्हणजे कोणाला ना कोणाला खरी गोष्ट ठाऊक असतेच आणि चर्चेत ती बाहेर येते. गॅरॉल्ड स्टॅसर व विल्यम टायटस यांच्या १९८५ मधील प्रयोगाने या विश्वासाला धक्का दिला. विद्यार्थ्यांचे चौघाचौघांचे गट एका पदासाठी उमेदवार निवडीत होते. सर्वांची माहिती एकत्र केली असता एक उमेदवार उघडपणे सरस ठरत होता. परंतु त्याच्या गुणांची माहिती चौघांत विभागून दिलेली होती. गटांनी बहुधा सरस उमेदवार निवडला नाही. कारण चर्चा होत राहिली ती सर्वांना आधीपासून ठाऊक असलेल्या मुद्द्यांचीच. एकट्याला ठाऊक असलेला मुद्दा एक तर निघाला नाही, किंवा निघाला तरी कोणी उचलून धरला नाही.

संस्थेच्या सभेत हेच घडते. ‘शेजारच्या इमारतीला ३५ टक्के मिळाले’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, म्हणून तिची चर्चा तासभर चालते. एखाद्या बँकेत नोकरी केलेल्या सभासदाला हमीपत्राची मुदत अपुरी असल्याचे जाणवलेले असते. एखाद्या गवंड्याला स्लॅबची खरी स्थिती कळलेली असते. एखाद्या विधवेच्या माहेरच्या इमारतीचे काम रखडून भाडे बंद पडलेले असते. ही माहिती एकेकट्याची असल्यामुळे ती शंका ठरते, आणि शंका काढणारा ‘विरोधक’ ठरतो. अशा रीतीने प्रतिमानाचे साम्य वाढते आणि यथार्थता घटते. सभा एकमताने पार पडली म्हणून ज्या निर्णयाचे आपण कौतुक करतो, त्यातील एकमत कित्येकदा असे न बोलल्या गेलेल्या गोष्टींवर उभे असते.

८

ग्राहकांचे समूह नेहमीच असे फसतात असा मात्र याचा अर्थ नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याच्या किराण्याची मागणी एकत्र नोंदवितात, आलेला माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासद आपल्या हातांनी त्याची वाटणी करतात. येथे ‘चांगली तूरडाळ’ म्हणजे काय याविषयी कोणी व्याख्या करीत नाही. वाटप करता करता, निवडता-पाखडता ती समजूत सर्वांची होते. एका महिन्याची चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते. सहभाग आणि पुनरावृत्ती ही दोन्ही साधने या समूहाला उपलब्ध आहेत.

पुनर्विकासात पुनरावृत्ती नाही. इमारत एकदा पाडल्यावर ‘पुढच्या वेळी सुधारू’ असे म्हणता येत नाही. तेव्हा पुनरावृत्तीने जे साधते ते संभाषणाने साधले पाहिजे, असा निष्कर्ष ओघानेच निघतो. त्यासाठी तीन गोष्टी शक्य आहेत. मतदानाच्या सभेपूर्वी एक सभा केवळ शब्दांसाठी घ्यावी. चटई क्षेत्र, वाढीव टक्केवारी, भाडे, ताबा आणि हमी या पाच शब्दांचा त्या करारापुरता अर्थ लिहून काढावा व तो सभासदांच्या घरगुती भाषांत वाचून दाखवावा. दुसरे असे की, समितीने सांगण्याऐवजी सभासदांनी सांगावे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या सदनिकेचा हिशेब स्वतः मांडून दाखवावा : आज माझे इतके, उद्या इतके, मोजले ते असे. नुसता ऐकणारा भागीदार होतो तो याच क्षणी, आणि ५२० व ४६८ यांतील फरक उघडा पडतो तोही याच क्षणी. तिसरे असे की, चर्चेच्या आरंभी प्रत्येकाने इतरांना ठाऊक नसेल अशी एक गोष्ट लेखी द्यावी. नाव घातले नाही तरी चालेल. त्यामुळे शंका काढणे हा विरोध न राहता सभेच्या कामकाजाचा भाग होईल.

या सूचनांचा खर्च दोन-तीन रविवार सकाळी खुर्च्या मांडण्याइतकाच आहे. त्यांनी मतभेद नाहीसे होणार नाहीत. निवारा, मालमत्ता आणि शेजार यांतील ओढाताण ही शब्दांच्या गैरसमजातून आलेली नाही, ती खरीच आहे. परंतु कशाविषयी मतभेद आहे हे तरी सर्वांना एकसारखे कळेल. आणि ज्या ४९ जणांना ५१ जणांच्या होकाराने घर सोडावे लागते, त्यांना आपण कोणत्या अर्थाला बांधलो गेलो हे आधी माहीत असेल.

संशोधनाच्या दृष्टीनेही येथे पुष्कळ काम करता येण्याजोगे आहे. संस्थांच्या सभांची चित्रमुद्रणे नियमानेच होत असतात. सभासदांची अनुमती घेऊन व नावे वगळून त्यांतील संभाषणाचा अभ्यास झाला, तर कोणता शब्द कोणत्या क्षणी प्रश्न उपस्थित करतो आणि कोणता तो दाबून टाकतो, याची प्रत्यक्ष नोंद मराठीत प्रथमच उपलब्ध होईल. परिभाषा समित्यांनी शब्दाची पारख सुबोधता व शुद्धता या कसोट्यांवर केली आहे. ऐकणाऱ्याला तो शब्द योग्य ठिकाणी थांबवून प्रश्न विचारावयास लावतो की नाही, ही तिसरी कसोटी त्यांत जोडावी लागेल.